बुडखा काढण्याआधी

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. ताशी १००-११० किलोमीटरचा वारा आणि मधूनमधून १२० चे झोत. त्या वादळावर पुष्कळ लिहून झालं आहे. पडलेल्या झाडांचं लाकूड उचलून नेल्यावर वाडीभर जे उरतं, त्याबद्दल मात्र कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. रेवदंड्याच्या अलीकडे आमची नारळ-पोफळीची जुनी वाडी आहे. मधे आंबे, फणस, एक चिंच, कडेला सुबाभूळ. वादळानंतर जिकडे बघावं तिकडे बुडखे. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते समुद्रातून बाजूने गेलं, त्याने आणखी भर घातली. तेव्हापासून बुडखे काढणं हे आमच्याकडचं बारमाही काम होऊन बसलं. काही माणसांनी काढले, काही जेसीबीने, काही पावसाच्या हवाली केले, काही मुद्दाम ठेवले. त्यातून समजलं ते लिहिते. आकडे घातलेत ते वाचायला बरे म्हणून. काम करताना हा क्रम राहत नाही.

१. मुळासकट आडव्या झालेल्या झाडाच्या खड्ड्याकडे कुणालाही फिरकू देऊ नका.

हे पहिलं, कारण यात जीव जातो. आंबा, फणस, जांभूळ मुळासकट उलथतं तेव्हा मुळांनी धरलेल्या मातीची मोठी चकती जमिनीबाहेर उभी राहते आणि तिच्यामागे खड्डा पडतो. पोरांना तो खड्डा फार आवडतो. चकती उभी राहिलेली असते ती खोडाच्या वजनामुळे. खोड कापलं, वजन गेलं, की ती धाडकन परत खड्ड्यात बसते. किती मुळं अजून ताणात आहेत हे वरून कळत नाही, त्यामुळे ती कधी बसेल ते सांगता येत नाही. कधी करवत अर्ध्यावर असतानाच बसते, तर कधी दोन दिवसांनी.

आमच्या वाडीवर वर्षानुवर्षं काम करणारे आबा करवत सुरू करण्याआधी खड्ड्याभोवती काथ्याची दोरी बांधायचे आणि एका माणसाला नुसतं तिथे उभं करायचे. त्या माणसाचं काम एकच, कुणाला आत जाऊ न देणं. मजुरी पूर्ण. मला सुरुवातीला हे जास्तीचं वाटायचं. एका रायवळ आंब्याची चकती बसताना पायाखालची जमीन हादरली, त्यानंतर त्या मजुरीबद्दल मी कधी बोलले नाही.

दुसरं असं, की वादळाने निम्मं काम करून ठेवलेलं असतं. बुडखा बाहेर हवाच असेल तर चकती परत बसू देऊ नये. तिला चार-पाच फूट खोड ठेवावं, बाकीचं कापून न्यावं आणि जेसीबी आल्यावर ते खोड धरून अख्खा गड्डा ओढून काढावा. एकदा खाली बसला की तोच बुडखा पुन्हा खणून काढावा लागतो.

२. पंचनामा होईपर्यंत बुडखा जागचा हलवू नका.

लाकूड लोक घेऊन जातात, पाणी ओतलं की करवतीचा भुसाही जातो. राहतो तो बुडखा. आमच्याकडे पंचनाम्याला माणसं आली तेव्हा त्यांनी बुडखेच मोजले. प्रत्येक बुडख्यावर चुन्याने आकडा घाला आणि मागे घर किंवा विहीर दिसेल असा फोटो काढून ठेवा. उभं झाड तोडायचं असेल तर परवानगी आधी घ्यायची. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या परसातली असली तरी आहेत. शहरात १९७५ चा वेगळा कायदा आहे आणि वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. बुडखा काढून खड्डा बुजवला की इथे झाड होतं की नव्हतं, कुठल्या जातीचं होतं, हे सिद्ध करणं कठीण. बुजवण्याची घाई करू नये ती यासाठी.

३. झाड तोडतानाच खुंट उंच ठेवायला सांगा.

आपल्याकडे बहुतेक सौदे ‘लाकूड तुम्ही न्या, झाड तोडून द्या’ या बोलीवर होतात. लाकूडवाल्याला शेवटच्या वितीपर्यंत लाकूड हवं असतं, म्हणून तो जमिनीलगत कापतो. दिसायला छान, स्वच्छ दिसतं. पण आता त्या बुडख्याला धरायला काही उरलं नाही. छातीएवढा खुंट असेल तर दोर वर बांधता येतो, चार जणांनी हलवला की मुळं कुठे धरून बसली आहेत ते कळतं, चेनकप्पी लावली तर खेचायला ताकद मिळते. दोर जितका वर, तितका जोर कमी लागतो. तेवढ्या लाकडाचे पैसे लाकूडवाल्याला कमी करून द्यावे लागले तरी द्यावेत.

चेनकप्पीचं दुसरं टोक उभ्या झाडाला बांधायचं तर मधे गोणपाटाच्या दोन-तीन घड्या हव्यात, नाहीतर साखळी त्या झाडाची साल सोलून काढते आणि एक बुडखा काढताना दुसऱ्याची तयारी होते. ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, हे सांगायला नको.

४. जात पाहिल्याशिवाय कुदळ उचलू नका.

खरं तर बाकीचं सगळं यातच येतं.

नारळाला सोटमूळ नसतं. बुडाच्या फुगीर भागातून बोटाएवढ्या जाडीची हजारो मुळं कुंचल्याच्या केसांसारखी सगळीकडे सुटलेली असतात. एकही मूळ मांडीएवढं जाड होत नाही, त्यामुळे शेजारच्या भिंतीला किंवा पाटाला नारळाचा त्रास फारसा नसतो. मुळांचा मोठा भाग वरच्या तीन-चार फुटांत आणि बुडापासून पाच-सहा फुटांच्या आत. आमच्या वाळूमिश्रित जमिनीत भोवती चर खणून मुळं तोडली की तो गड्डा निघतो. जड मात्र अफाट, कारण आत पाणी धरलेलं असतं. नारळ तोडला की पुन्हा फुटत नाही, त्यामुळे फुटव्याची काळजी नाही. पोफळीचंही असंच, फक्त आकार लहान. पहार घातली आणि दोघं लटकले की निघते.

आंब्याचा प्रकार उलट. खाली सोटमूळ, बाजूला मनगटापासून मांडीपर्यंत जाडीची आडवी मुळं. ही मुळं खोडापासून दोन-अडीच फुटांवर तोडायची, अगदी खोडाला चिकटून नाही. तिथे ती सर्वांत जाड असतात. बाजूची सुटली की खुंट हलवून सोटमूळ कुठल्या बाजूला कललं आहे ते बघायचं आणि त्याच बाजूने खणायचं. विहिरीला पाणी वर असलेल्या आमच्या भागात सोटमूळ फार खोल जात नाही, साचलेल्या पाण्यात त्याला जगता येत नाही. वर डोंगराकडे, जांभ्याच्या कातळावर, तेच मूळ दगडाच्या भेगांत शिरलेलं असतं. तिथे मी बुडखा काढण्याच्या फंदात पडणार नाही.

सुरू तोडला की संपला, तो बुडातून सहसा फुटत नाही. शेवगा, कडुनिंब, साग, गिरिपुष्प फुटतात. आणि सुबाभूळ. मणिभाई देसाईंच्या बाएफ या संस्थेने चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी या झाडाचा प्रसार केला. दुष्काळी भागात जनावरांच्या तोंडी हिरवं पडलं, हे खरं. पण वाडीच्या गडग्याला लागून उगवलेला सुबाभूळ कापून बघा! महिनाभरात बुडख्याला डझनभर फुटवे आणि शेंगांतून पडलेल्या बियांची रोपं वेगळी. त्याच्यावर मला सापडलेला उपाय कंटाळवाणा आहे. जमिनीलगत कापायचा, फुटवा वीतभर झाला की हाताने ओरबाडायचा, पुन्हा वीतभर झाला की पुन्हा. पानं मिळाली नाहीत की मुळातला साठा संपतो. वर काळी ताडपत्री बांधून कडेने माती लोटली तर लवकर संपतो. तणनाशक लावणारे आहेत. पण ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घातले, आणि विहीर वीस पावलांवर असताना मला ते तसंही नको होतं.

५. चेन सॉ मातीला लावू देऊ नका.

करवतवाल्याला मजुरी तासावर असेल तर हे तुम्हालाच बघावं लागतं. आमच्या जमिनीत वाळू आहे. मुळाच्या सालीत, दोन मुळांच्या बेचक्यात, फुगीर बुडाच्या सुरकुत्यांत वाळूचे कण बसलेले असतात. साखळी त्यांना लागली की दातांची धार जाते. मग करवत लाकूड कापत नाही, घासते. कळायला सोपं आहे. धार असताना लाकडाचे जाडसर तुकडे उडतात. ते बारीक पिठागत पडायला लागले आणि जळका वास आला की थांबवायचं. माणूस जोर लावून पुढे दामटतो, साखळी तापते, आणि मग ती तुटली तर कुठे जाईल याचा नेम नाही.

म्हणून मूळ कापायचं तर आधी ते उघडं करायचं. फावड्याने नाही, पाण्याने. पंपाचा पाइप, तोंडाला अंगठा, आणि मुळाखालची माती धुऊन काढायची. पाणी वाळूत मुरतं, तासाभरात मूळ वरून-खालून दिसायला लागतं. मग ते गोणपाटाने पुसून कुऱ्हाडीने तोडायचं. कुऱ्हाड घरातली जुनी घ्यावी, नवी नको. दगड लागला तर कानस मारून पुन्हा कामाला येते. धुतलेलं मूळ तोडायला आबांना लागायचा तो वेळ आणि मातीतलं मूळ तोडायला लागायचा तो वेळ यात इतका फरक होता, की पुढे पाइप लावल्याशिवाय ते कुऱ्हाड हातात घेईनात.

६. हंगाम निवडा.

मे महिन्यात पहार आपटून हात बधिर होतात. जुलैत खणलेला खड्डा संध्याकाळपर्यंत पाण्याने भरतो. आमच्याकडे चांगले दिवस दोनदा येतात. पहिल्या चार-दोन सरी पडून गेल्यावर, आणि नवरात्राच्या आसपास पाऊस सरताना. पण त्या दिवसांत शेतीचीही कामं असतात आणि माणसं मिळत नाहीत. माणसं मिळतात ती एप्रिलात. त्यामुळे एप्रिलात आदल्या रात्री बुडख्याभोवती आळं करून पाणी सोडून ठेवायचं, हा मधला मार्ग.

आणि काम रोजाने द्यावं की उक्तं? उक्तं द्यावं, पण ‘बुडखा बाहेर काढून गडग्याजवळ ठेवायचा’ असं ठरवून. नुसतं ‘काढायचा’ म्हटलं तर वरचा भाग छाटून त्यावर माती लोटली जाते. खड्डा भरण्याआधी आपण स्वतः पहार खुपसून बघावी.

७. जेसीबी बोलावण्याआधी जमिनीवर फक्की मारा.

जेसीबीचं काम बघायला गाव जमतं, आणि ते बघण्याजोगं असतंच. चालक चांगला असेल तर तो बुडख्याला थेट ढकलत नाही. आधी चारी बाजूंनी चर मारून मुळं तोडतो, मग सुटलेल्या बाजूने दातं खाली घालून उचलतो. थेट ढकलणारा असेल तर खुंट मोडतो आणि खालचा अर्धा तसाच राहतो.

पण यंत्राला जमिनीखालचं दिसत नाही. वाडीत पाण्याचे पाइप कुठून गेलेत, सेप्टिक टाकीचं झाकण कुठे आहे, पंपाची केबल कुठून आणली, हे घरातल्या एकाच माणसाला माहीत असतं आणि तो त्या दिवशी अलिबागला गेलेला असतो. आदल्या दिवशी त्याला हाताशी धरून सगळीकडे पांढरी फक्की मारून घ्या. आमच्याकडे आलेला चालक विशीतला पोरगा होता. त्याने उतरून सगळ्या रेषा चालत पाहिल्या आणि विचारलं, “काकू, आणि ही नारळं? यांची मुळं पण माझ्याच बादलीत येणार.” बरोबर बोलला. बुडख्याजवळ पाच-सहा फुटांवर जिवंत नारळ असेल तर जेसीबी त्याचीही एका अंगाची मुळं तोडतो. असे बुडखे आम्ही वगळले आणि हाताने काढले. चाकांखाली माती दबते तो आणखी एक तोटा. एकाच वाटेने आत-बाहेर करायला लावलं तर तो त्या वाटेपुरता राहतो.

तासाचा भाव ठरवताना येण्याजाण्याचा वेळ त्यात धरला आहे का ते विचारून घ्या. आणि शेजाऱ्याचेही बुडखे असतील तर त्याच दिवशी उरकून घ्या.

८. मीठ, रॉकेल, ॲसिड: नाही.

मोबाइलवर बघून आलेले पाहुणे दर वेळी एक नवा उपाय सांगतात. भोकं पाडून मीठ भरा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची विहीर अजून गोडी आहे, हे आमचं भाग्य. तिच्या आसपास मी पोत्यांनी मीठ कशाला ओतू? मीठ बुडख्यात थांबत नाही, पावसाबरोबर मातीत उतरतं आणि तिथे पुढे काही धड येत नाही. रॉकेल-ॲसिडचं तर बोलूच नये. सोरा किंवा एप्सम सॉल्ट भरा म्हणतात. त्याने कुजणं थोडं लवकर होत असेल, पण आपल्या दमट हवेत बुरशी आणि वाळवी हे काम फुकट करतात. शेवगा, पांगारा, आंबा ही मऊ लाकडं दोन-तीन पावसाळ्यांत पहारीने पोखरता येतील इतकी भुसभुशीत होतात. चिंच होत नाही.

तूस घालून जाळण्याची रीत जुनी आहे. बुडख्याभोवती खड्डा, त्यात भाताचं तूस, वरून निखारे; दिवसेंदिवस धुमसत राहतं. मोकळ्या जागी वाळलेल्या बुडख्याला हे चालतं. वाडीत नाही. धग मुळातून जमिनीखाली सरकते आणि विझली असं वाटल्यावर लांब कुठेतरी वर येते. खाऱ्या वाऱ्याच्या दिवसांत, शेजारी पेंढा रचलेला असताना, हा खेळ नको. नारळाचा ओला बुडखा तर जळतच नाही, नुसता धूर देतो.

९. नारळाच्या वाडीत नारळाचा बुडखा कुजत ठेवू नका.

वर मी पावसाची आणि वाळवीची बाजू घेतली. नारळापुरती ती मागे घेते. कुजणाऱ्या नारळाच्या खोडात आणि शेणखताच्या खड्ड्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो. अळी पांढरी, जाड, वळून बसलेली. बुडखा फोडला की ओंजळभर सापडतात. भुंगा उडून जातो तो उभ्या नारळाच्या शेंड्यात. न उमललेली झावळी पोखरतो आणि ती उघडली की कात्रीने कापल्यागत त्रिकोणी खाचा दिसतात. शेंड्याला जखम झाली की तिथे सोंड्या भुंगा येतो, आणि तो आत शिरला तर माड जातोच. म्हणजे पडलेल्या दहा माडांचे बुडखे आळसाने ठेवले तर ते उभ्या माडांच्या मुळावर येतात.

काढणं शक्यच नसेल तर बुडखा जमिनीलगत कापून, कुऱ्हाडीने फोडून, ऊन खायला लावावा. कोरडा पडला तर अळी वाढत नाही. जवळच्या खतखड्ड्यात मेटारायझियम बुरशी सोडतात, ती अळीला मारते. शेंड्यात पानांच्या बेचक्यांत वाळू आणि डांबरगोळ्या घालण्याची रीतही आमच्याकडे आहे. यातलं काय कधी करायचं ते रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातले लोक नीट सांगतात, विचारायला संकोच करू नये.

१०. पोकळीत हात घालण्याआधी काठी घाला.

वर्षभर पडून असलेल्या बुडख्याखाली कोण राहायला आलं असेल ते सांगता येत नाही. कोकणात फुरसं आहे, घोणस आहे, आणि तांबडा विंचू आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिन वापरून जीव वाचवले; त्यांचं ते काम १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्याआधी या जिल्ह्यात विंचू चावून माणसं जात होती. आता औषध आहे, पण ते वेळेत मिळायला हवं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात जाड मोजे, आणि उलथलेल्या मुळांची माती हाताने नाही, फावड्याने सारायची. चावलं तर मांत्रिक नाही आणि चिराही नाही, सरळ सरकारी दवाखाना.

११. काही बुडखे ठेवण्याजोगे असतात.

आमची चिंच पडली तेव्हा तीन लाकूडवाले येऊन बघून गेले. चिंचेचा गाभा इतका कठीण असतो की खाटकाचा ठोकळा त्याचा करतात. करवतवाल्याने मांडीच्या उंचीवर सपाट कापून दिला. तो परसात पाटाच्या कडेला आहे, कुणाच्या वाटेत नाही, फुटला तरी हरकत नाही. त्यावर नारळ सोलायचा सुळा ठोकला आहे. घराच्या भिंतीपासून लांब आहे म्हणून ठेवला. भिंतीलगतचा, वाशांना वाळवी लागेल अशा जागेचा असता, तर कितीही देखणा असता तरी ठेवला नसता.

फणसाचं बूडही टाकू नये. आतलं पिवळं लाकूड वाळवीला सहसा दाद देत नाही. गावातल्या सुताराला आधी दाखवा.

१२. खड्डा एका दिवसात भरू नका.

बुडखा निघाला की सगळ्यांना घरी जायचं असतं. निघालेली माती परत लोटून, वरून पायाने दाबून मोकळे होतात. पहिल्या पावसात तिथे डबकं. खड्डा थराथराने भरायचा. वीतभर माती, वर पाणी, ती बसू द्यायची, मग पुढचा थर. शेवटी जमिनीपेक्षा थोडा उंचवटा ठेवायचा, कारण तुटून राहिलेली मुळं आत कुजत जातात आणि जमीन दुसऱ्या पावसाळ्यातही खचते. तिथे फरशी घालायची किंवा गाडी उभी करायची असेल तर तोवर थांबा. करवतीचा भुसा आणि लाकडाचे तुकडे खड्ड्यात भरू नयेत. ते कुजताना मातीतला नत्र ओढून घेतात आणि वर लावलेलं रोप पिवळं पडतं.

नारळाच्या जागी लगेच नारळ आम्ही लावत नाही, पाच-सहा फूट सरकून लावतो. आंब्याचं कलमही दोन पावसाळे थांबून. केळ मात्र पहिल्याच वर्षी लावली तरी चालते. तिची मुळं वरच्या थरात राहतात, आणि जमीन थोडी खचून कललीच तर बांबूचा टेकू देता येतो.